आपल्या माणसाचे बिल



इथे आपण सगळे जुन्या दिवसांच्या गोड आठवणी लिहितो. मीही लिहिल्या आहेत. वास्कोच्या स्टेशनच्या, बायणाच्या किनाऱ्याच्या, सप्ताहाच्या फेरीतल्या खाज्यांच्या. आजची आठवण गोड नाही. वाचून काही जणांना राग येईल, त्यात माझे मित्रही असतील. तरी लिहितो. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाने पंचाहत्तरीनंतर निदान स्वतःच्या वहीत तरी खोटी नोंद ठेवू नये.

गेल्या महिन्यात आमच्या एका मित्राची शोकसभा झाली. नाव लिहीत नाही, घरच्यांनी नको म्हटले आहे. वास्कोत त्याला सगळे ‘पेंटर’च म्हणायचे, आपणही तेच म्हणू. दुकानांच्या पाट्या, नाटकांचे पडदे, चवथीचे गणपती, चित्ररथ, लग्नाच्या मांडवातले देखावे, लोकांच्या आईवडिलांच्या तसबिरी, सगळे तो करायचा. सभेत सात जण बोलले. सातही जणांच्या बोलण्यात एक वाक्य होतेच, ‘पेंटरने कधी पैशाची अपेक्षा ठेवली नाही.’ सगळ्यांच्या माना डोलल्या. सवयीने माझीही डोलली असणार.

घरी आलो आणि झोप लागेना. कारण ते वाक्य खोटे आहे. पेंटरने पैशाची अपेक्षा ठेवली होती. त्याने पैसे मागितलेही होते. माझ्याकडे मागितले होते, बँकेत माझ्या टेबलासमोर बसून, अर्ज भरून.

आधी आमचा कंपू सांगतो. मी मडगावला बी.कॉम. केले आणि 1974 साली बँकेत लागलो. संध्याकाळी आम्ही सहा जण वास्कोत एका हॉटेलात चहाला बसायचो. एक बंदरात कारकून, एक शाळामास्तर, एक बार्जवाल्याकडे मुनीम, एक कापडदुकानदार, मी आणि पेंटर. नाटकाचे वेड सगळ्यांना. गोव्यात जत्रेला, काल्याला, गणपतीत गावोगाव मराठी नाटके व्हायची, अजून होतात. आम्ही कामे करायचो, तालमी घ्यायचो. पेंटर पडदे रंगवायचा. राजवाडा, जंगल, रस्ता, गरिबाचे घर. त्याच्या जंगलात झाडे आपल्याकडचीच असायची, फणस आणि कोकम. राजवाड्याचे खांब एका देवळाच्या सभामंडपाचे. प्रेक्षक पडदा उघडताच टाळी द्यायचे. आमच्या पाठ केलेल्या भाषणांना तेवढी मिळत नसे.

चहाचे पैसे त्याला आम्ही कधी देऊ दिले नाहीत. सणावाराला त्याचे पान आमच्यापैकी कुणाच्या तरी घरी असायचेच. माझ्या लग्नात मांडवाची कमान त्याची. माझे वडील 1979 साली वारले, तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो, तोही नोकरीच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा. त्यावरून पेंटरने हातभर उंचीची तसबीर केली. आई तिच्यासमोर बसून रडली. मी पेंटरला मिठी मारली. पैसे दिले नाहीत. देण्याचे मनातच आले नाही, खरे सांगतो. आपल्या माणसाला पैसे विचारायचे म्हणजे त्याचा अपमान, अशी आमची समजूत.

ही समजूत कुणाच्या फायद्याची होती, हा प्रश्न मी आज, पंचेचाळीस वर्षांनी विचारतोय.

1986 साली पेंटर बँकेत आला. 6,000 रुपये कर्ज हवे होते. घरामागे पत्र्याची शेड घालायची, चवथीच्या आधी चार महिने माती भरून ठेवायची, मूर्ती वाढवायच्या. योजना चोख होती. मी कर्ज विभागात होतो. अर्जातल्या ‘व्यवसाय’ या रकान्यात त्याने ‘चित्रकार’ लिहिले होते. मी विचारले, उत्पन्नाचा पुरावा? तो म्हणाला, ‘तू वळखता न्हय म्हाका?’ मी म्हटले, मी ओळखतो रे, बँक ओळखत नाही. जामीनदार? मी स्टाफ, मला चालत नव्हते. बाकीच्या चौघांना त्याने विचारले. एकाच्या बहिणीचे लग्न होते, एकाने भावाला विचारतो म्हटले, दोघे आठवडाभर चहाला आलेच नाहीत. मी त्याला एक सल्ला दिला, ‘बिलबुक छापून घे. प्रत्येक कामाचे बिल फाड. तीन वर्षांचा हिशेब दाखव, मग बघू.’ आणि अर्जावर शेरा मारला, उत्पन्न निश्चित करता येत नाही.

आता वाणिज्य शाखेचा माणूस म्हणून हिशेब मांडतो. पेंटरने ते 6,000 बाहेरून घेतले, महिना शेकडा तीन दराने. महिन्याला 180, वर्षाला 2,160 रुपये नुसते व्याज. बँकेच्या तेव्हाच्या साडेबारा टक्क्यांनी ते वर्षाला 750 झाले असते. आणि 1972 पासून अगदी कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी सरकारची चार टक्के व्याजाची योजना होती, डीआरआय म्हणायचो आम्ही. तिच्यात वर्षाला 240. ती योजना माझ्या टेबलाच्या खणात होती. मी ती बाहेर काढली नाही. दोन कारणे. एक, मित्राला सवलत दिली म्हणून ऑडिटवाले बोट ठेवतील. दुसरे जास्त लाजेचे आहे. आमच्यात बसून चहा पिणारा माणूस ‘अगदी कमी उत्पन्नाचा’ आहे, हे मला कागदावर लिहायचे नव्हते. ते लिहिले असते तर आम्ही पाच जण त्याच्याशी काय करत होतो, तेही वाचावे लागले असते.

काही जण म्हणतील, वैयक्तिक गोष्टी आहेत, त्याचा समाजाशी काय संबंध? सांगतो.

1998 साली मी इथल्या एका मंडळाचा खजिनदार होतो. मंडळाचे नाव घेत नाही, कारण मंडळे सगळी सारखीच. त्या वर्षीच्या उत्सवाचा हिशेब माझ्याच अक्षरात आहे, वही अजून माझ्याकडे आहे. मांडव 22,000. लायटिंग 9,000. साउंड 7,500. बाहेरून आणलेल्या गायकाची बिदागी, प्रवास आणि हॉटेल 25,000. जेवणखाण 6,000. चित्ररथाचे कापड, रंग, खिळे 1,850. शाल आणि श्रीफळ 140. एकूण 71,490.

ते शेवटचे 140 म्हणजे पेंटर. मुलाला हाताशी घेऊन त्याने अकरा रात्री जागून तो चित्ररथ उभा केला होता. मांडववाल्याने निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय बांबू उतरवला नाही. साउंडवाला शेवटची नोट मोजून मगच वायर गुंडाळायला लागला. त्यांना कुणी भक्ती कमी म्हणून हिणवले नाही. मीटिंगमध्ये मी विचारले होते, पेंटरला काही द्यायचे का? अध्यक्ष हसले, ‘आमगेलोच मनीस तो. ताका कसले पयशे? सेवा करता तो.’ मी ‘सेवा’ असे लिहिले आणि वही मिटली.

या ‘सेवा’ शब्दावरच माझे भांडण आहे. सेवा मला कळत नाही असे नाही. मी वास्कोचा आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी इथे साथ आली, माणसे मेली. लोक झांबावलीच्या श्री दामोदराला शरण गेले, तिथून श्रीफळ आणले, ते जोशी कुटुंबाच्या घरी ठेवले आणि अखंड भजन केले. तेव्हापासून दर श्रावण शुद्ध सप्तमीला सप्ताह बसतो, चोवीस तास टाळ खाली ठेवला जात नाही. निरनिराळ्या समाजांचे पार वाजतगाजत येतात, रात्री बैठका होतात, मोठमोठे गायक इथे गाऊन गेले. त्या भजनात मी चाळीसएक वर्षे पाळीने उभा राहिलो आहे. माझ्या एका बाजूला बंदरातला हमाल, दुसऱ्या बाजूला खाणवाला. पाळी प्रत्येकाला तेवढीच, पैसा कुणालाच नाही. ही सेवा.

पण ज्या हिशेबात मांडववाल्याला 22,000 आहेत, त्या हिशेबात चित्रकाराकडून ‘सेवा’ घेता येत नाही. सगळे फुकट करतात तिथे सेवा. बाकी सगळे पैसे घेतात आणि एकालाच देव दाखवला जातो, तिथे ती काटकसर. आणि ती नेमकी अशा माणसाकडून केलेली, ज्याला तोंड वर करून बोलता येत नाही, कारण बोलला तर संध्याकाळचा चहा तुटेल.

दुसरा युक्तिवाद ठरलेला, कला ही साधना आहे, पैशाने बाटते. बरे. मग साधकांची यादी बघू. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, दोघींची नावे घेतली की आपण कानाच्या पाळीला हात लावतो. दोघींची कारकीर्द उभी राहिली ती मुंबईत, जिथे ऐकणारा पैसे मोजत होता. केसरबाई बिदागीच्या बाबतीत किती कडक, हे जुनी माणसे अजून सांगतात. त्यांचा सूर त्यामुळे बाटल्याचे कुणी म्हणत नाही. दीनानाथ दलाल मडगावचे, जन्म 1916 चा. मुंबईला जाऊन त्यांनी मासिकांची मुखपृष्ठे केली आणि 1945 साली स्वतःचे ‘दीपावली’ काढले. त्यांची चित्रे आपल्या आजोबांनी भिंतीवर लावली. लक्ष्मण पै मडगावचेच. ते पॅरिसला राहून आले आणि 1977 ते 1987 गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते, म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार होता. ज्यांची नावे आपण अभिमानाने घेतो, त्या प्रत्येकाला कुठे तरी कुणी तरी पैसे देत होते. देणारे बहुतेक वेळा आपण नव्हतो. आपण अभिमान तेवढा घेतला.

आणि वासुदेव गायतोंडे. घराणे मूळ गोव्याचे. दिल्लीत एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, त्यांनी एकट्याने बरीच वर्षे काढली, 2001 साली गेले. 2013 साली त्यांचे एक चित्र लिलावात 23 कोटी 70 लाखांना गेले, 2015 साली दुसरे 29 कोटी 30 लाखांना. पेपरात बातमी आली तेव्हा आमच्या कट्ट्यावर केवढा आनंद! ‘आपला गोंयकार!’ पेंटर तिथेच बसला होता. त्याने बातमी वाचली, घडी घातली आणि विचारले, ‘चहाचे कोण देतो आज?’ आम्ही हसलो. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने स्वतःच्या चहाचे पैसे टेबलावर ठेवले. आम्हांला तोही विनोदच वाटला.

तिसरा युक्तिवाद वास्कोपुरता आहे. आमचे मडगाव-पणजीचे पाहुणे करतात आणि आपणही मान डोलावतो. वास्को म्हणजे बंदर, रेल्वे, कोळसा, बाहेरची वस्ती, इथे कसली कला? अहो, मुरगाव तालुका म्हणजे नुसते बंदर नव्हे. मंगेशीचा मंगेश मूळ आमच्या कुठ्ठाळीचा. कवळ्याची शांतादुर्गा आमच्या केळशीची. वेलिंगचा लक्ष्मीनृसिंह आमच्या सांकवाळचा. 1560 च्या दशकात पोर्तुगीजांनी देवळे मोडायला घेतली तेव्हा लोकांनी रातोरात देव नदीपार नेले. 1526 साली मराठीत कृष्णचरित्र लिहायला घेणारा कृष्णदास शामा केळशीचा. पणजीच्या मोठ्या सरकारी वाचनालयाला त्याचे नाव आहे.

त्या जुन्या देवळांची एक गोष्ट मात्र आपण सोयीने विसरतो. देवळात वाजवणारा, गाणारा, दिवटी धरणारा, रंग देणारा, प्रत्येकाला जमीन तोडून दिलेली असे. नमशी म्हणतात तिला. त्या व्यवस्थेत अन्याय नव्हता असे मुळीच नाही. देवळाशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या बायकांनी काय सोसले, ते त्यांच्याच लेकी-नातींनी समाज उभारून, शिकून जगाला सांगितले. ती व्यवस्था परत नको. पण देवाचे काम करणाऱ्याच्या घरी चूल पेटली पाहिजे, एवढे तरी त्या काळच्या गावकऱ्यांना कळत होते. आपण जमीन काढून घेतली आणि तिच्या जागी शाल दिली.

शालींचे पुढे काय झाले तेही सांगतो. पेंटरचे घर बोगद्याच्या बाजूला. मुरगावात राहणाऱ्याला काळ्या धुळीबद्दल सांगायला नको. सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी बोटाने लिहिता येईल इतकी काळी. आजारी पडला तेव्हा भेटायला गेलो, तर खिडक्यांना, शेडच्या दाराला सत्काराच्या शाली खिळ्यांनी ठोकलेल्या. ओल्या मूर्तींवर धूळ बसू नये म्हणून. मी मोजल्या, चौदा होत्या. त्यांतल्या दोन मी स्वतः त्याच्या खांद्यावर घातलेल्या, मी ओळखल्या. वहिनी म्हणाली, ‘भावजी, पांघरायला उबदार नाहीत हो या. पण धूळ बरी अडते.’ तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

त्याच वेळी वृद्ध कलाकारांच्या सरकारी मानधनासाठी त्याचा अर्ज भरायला मी बसलो. आता तरी उपयोगी पडावे म्हणून. अर्जात कामाचा पुरावा मागतात, छापील पत्रिका, कात्रणे, प्रमाणपत्रे. आम्ही सगळ्या जुन्या पत्रिका काढल्या. नाटकाच्या पत्रिकेत नट, दिग्दर्शक, पेटी, तबला, प्रकाश, देणगीदार, ‘मांडव सौजन्य’सुद्धा. पडदे कुणाचे, हे एकाही पत्रिकेत नाही. पत्रिकांचा मजकूर कोण लिहायचा? आमचे मास्तर. तपासायचा कोण? मी. चाळीस वर्षांच्या कामाचा त्याच्याकडे कागदाचा कपटा नव्हता. खोटे प्रमाणपत्र मी दिले असते, पण पेंटर म्हणाला, ‘सोड. तूच म्हणाला होतास, बँक ओळखत नाही.’ 1986 चे वाक्य त्याला अक्षरशः पाठ होते.

आता काळ बदलला, असे म्हणू नका. 2023 साली केंद्राची विश्वकर्मा योजना आली. अठरा पारंपरिक धंद्यांना पाच टक्क्यांनी पहिल्या टप्प्यात लाखापर्यंत कर्ज. योजना चांगली आहे. तिच्यात मूर्तिकार आहे, कुंभार आहे, हार करणारा आहे. पडदे आणि पाट्या रंगवणारा चित्रकार त्या अठरांत नाही. म्हणजे पेंटर आज तरुण असता तर अर्धा यादीत बसला असता, अर्धा बाहेर राहिला असता. सरकारच्या यादीचे सरकार बघेल. आपल्या यादीचे काय? मंडळाचे बजेट आपण करतो, पत्रिका आपण छापतो, चहाला आपण बसतो.

शोकसभेनंतर मी वहिनीकडे गेलो. वडिलांच्या तसबिरीचे पैसे द्यायला. किती द्यायचे हा प्रश्नच होता. 1979 चे पाचशे धरले आणि ठेवीच्या व्याजाने वाढवले तरी आकडा काही पटेना. शेवटी जमेल तेवढ्याचा चेक लिहिला. वहिनीने तो हातात घेतला, आत गेली आणि एक बिलबुक घेऊन आली. 1986 साली माझ्या सल्ल्याने छापलेले. वर गणपती, खाली त्याचे नाव, पत्ता, ‘येथे सर्व प्रकारची चित्रकामे योग्य दरात’. पन्नास पानांचे. त्यात नऊ बिले फाडलेली होती, नऊही बाहेरगावच्या दुकानदारांची. वास्कोतल्या माणसाचे एकही नाही. मी विचारले, पुढे का नाही वापरले? ती म्हणाली, ‘एकदा तुमच्यातल्याच एकाला बिल दिले होते. ते हसले, म्हणाले आपल्या माणसाला बिल? मग यांनी ते परत घेतले.’

तिने दहावे बिल माझ्या नावाने फाडले. मी सही केली. हात थरथरला, तो वयामुळे असे म्हणू.

तर मंडळी, रागवायचे असेल तर जरूर रागवा, पण येत्या चवथीच्या आधी आपापल्या मंडळाच्या मीटिंगमध्ये तीन गोष्टी विचारा. एक, बजेटमध्ये चित्रकार, वादक, भजनीबुवा, मेकअपवाला यांच्या नावापुढे रक्कम आहे का? मांडववाल्याच्या वर असेल तर उत्तम, खाली असली तरी चालेल, पण आकडा हवा. दोन, निम्मी रक्कम आगाऊ, थेट खात्यात. म्हणजे उद्या कुठल्याही बँकेत त्याच्या उत्पन्नाचा पुरावा तयार. तीन, पत्रिकेत नाव. त्याला खर्च शून्य आहे.

त्याला पैसे नकोच असतील तर तो स्वतः सांगेल, आणि ती मग खरी सेवा. त्याच्या वतीने आपण सांगायचे नाही.

आणि मुरगाव तालुक्यात कुणी कलाकार असेल, कर्जाचा, मानधनाचा, खाते उघडण्याचा कागद अडला असेल, तर मी दर शनिवारी सकाळी घरीच असतो. अर्ज कसा नाकारतात ते मला चांगले ठाऊक आहे, म्हणून कसा भरावा तेही सांगू शकेन. फुकट सांगेन. ही मात्र सेवा समजायला हरकत नाही, कारण मला पेन्शन आहे.